हयात माणसांसाठी मौन: बडोद्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मांजलपूर भागात आमची चार विंगांची, ७२ घरांची सोसायटी आहे. निम्म्याहून जास्त घरं मराठी. कुणाचे पणजोबा गायकवाडी अमदानीत कारकून म्हणून आलेले, कुणाचे शिक्षक म्हणून, तर कुणी अलीकडे कारखान्यातल्या नोकरीपायी. बाकीची घरं गुजराती, दोन मल्याळी, एक सिंधी. गुजरातेत सोसायटीच्या अध्यक्षाला ‘प्रमुख’ आणि सेक्रेटरीला ‘मंत्री’ म्हणतात. ज्या वर्षीची ही हकीकत, त्या वर्षी मी मंत्री होतो. घोळ माझ्याच एका मेसेजने झाला, म्हणून लिहून काढायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. माणसांची नावं आणि घरांचे नंबर गाळले आहेत, हुद्दे ठेवले आहेत.

फौजेशी नातं असलेली चार घरं आम्हाला माहीत होती. पहिल्या विंगेतले काका ईएमईमधून, म्हणजे फौजेच्या गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मूळ साताऱ्याकडचे. शेवटची काही वर्षं फतेगंजच्या ईएमई स्कूलमध्ये काढली आणि मग इथेच घर घेतलं. आम्ही त्यांना सुभेदारकाका म्हणतो; नायब सुभेदार म्हणजे सुभेदार नव्हे, हे ते दर वेळी सांगतात आणि आम्ही दर वेळी विसरतो. तिसऱ्या विंगेतले हवालदारकाका तोफखान्यातले, १९९९ साली द्रासच्या बाजूला बोफोर्सवर होते. चौथ्या विंगेत हवाई दलातले निवृत्त वॉरंट ऑफिसर, मल्याळी, बोलणं हिंदीत. आणि दुसऱ्या विंगेत एक ताई. त्यांचे यजमान १९९०च्या दशकात काश्मीरमध्ये कामी आले, तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता.

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, हे आम्हाला वॉरंट ऑफिसर साहेबांमुळे कळलं. करिअप्पा, म्हणजे लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती, १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. ती तारीख धरून २०१६ पासून हा दिवस पाळतात. लगेच दुसऱ्या दिवशी सेना दिन येतो, कारण १५ जानेवारी १९४९ला त्यांनीच जनरल बुचर यांच्याकडून सूत्रं घेतली होती. तारीख उत्तमच आहे. बडोद्यात मात्र ती आधीच उत्तरायणाच्या नावावर चढलेली आहे.

उत्तरायणाला सकाळी सातपासून शहर गच्चीवर असतं. इमारतीगणिक स्पीकर, पोरांच्या तोंडात पिपाण्या, बायकांच्या हातात थाळ्या. पतंग कापला की ‘काप्यो छे!’ आणि पाठोपाठ ‘लपेट!’. दुपारी उंधियू-जिलबी, संध्याकाळपर्यंत चिक्की. मराठी घरांत याच्या जोडीला तिळगूळ, गुळाच्या पोळ्या, हळदीकुंकवाची तयारी. अशा दिवशी दोन मिनिटं गप्प उभं राहा असं सांगायला निघालेले आम्ही.

अडचण

डिसेंबरच्या मीटिंगमध्ये प्रस्ताव आला तो चांगल्या मनानेच. त्या दिवशी सगळे गच्चीवर असतातच, वेगळी माणसं जमवायला नकोत, माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देऊ आणि दोन मिनिटं मौन पाळू. दहा मिनिटांत मंजूर. चौघांपैकी एकही जण त्या मीटिंगला नव्हता. त्यांना विचारून घेऊ, असं कुणी म्हटलं नाही, मीही नाही. घरी येऊन जेवता जेवता मी ग्रुपवर टाकलं: ‘आपल्या सोसायटीतील माजी सैनिकांना दि. १४ जानेवारी रोजी गच्चीवर दोन मिनिटे मौन पाळून श्रद्धांजली वाहण्यात येईल. सर्वांनी उपस्थित राहावे.’

असल्या नोटिसा लिहिण्यात माझी उमर गेली आहे. ‘मौन पाळून’ इतकं टाइप झालं की पुढचं ‘श्रद्धांजली’ बोटंच टाकतात.

सुभेदारकाकांची मुलगी पुण्यात असते. फ्लॅट तिच्या नावावर असल्याने ती आमच्या ग्रुपवर आहे. तिने रात्री अकराला मेसेज वाचला आणि वडिलांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही, झोपले होते. मग आईला लावला, तोही नाही. मग समोरच्या शेजाऱ्यांना. शेजारी बेल दाबत उभे राहिले, आतून बऱ्याच वेळाने बनियनवर काका आले. दारातच त्यांना मुलीचा आवाज ऐकवला आणि मुलीला त्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. चहा घेतला. म्हणाले, “मंत्रीसाहेब, नोव्हेंबरमध्येच हयातीचा दाखला दिलाय मी. सरकारने मान्य केला. तुमचं काय अडलंय?”

मी माफी मागितली, दोघंही हसलो. पण काकू हसल्या नव्हत्या. दुपारी त्यांनी माझ्या बायकोला गाठलं. संक्रांतीच्या दिवशी, धडधाकट माणसाला पुढे उभं करून, अंगावर शाल घालून सगळे जण मान खाली घालणार? हारसुद्धा आणणार असाल, असं म्हणाल्या. त्यात हारही होता, खरेदीच्या यादीत. मी गुपचूप खोडला.

‘श्रद्धांजली’च्या जागी ‘मानवंदना’ घालून दुरुस्तीचा मेसेज टाकला की झालं, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. आपल्याकडे माणसं मौन पाळतात ती शोकसभेत. कुणी गेल्याचं कळलं की सभेचं कामकाज सुरू व्हायच्या आत उभं राहायचं, खुर्च्या वाजतात, खोकले येतात आणि अध्यक्ष ‘धन्यवाद’ म्हणतात. (ही दोन मिनिटं मी कित्येकदा घड्याळ लावून मोजली आहेत. चाळीस सेकंदांच्या वर सहसा जात नाहीत.) हयात माणसाचा मान मौनाने करायची रीत आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती. काकूंना जे खटकलं ते शब्द बदलून जाणारं नव्हतं. आवाजाचा प्रश्न आणखी निराळा होता, त्याचा तर आम्ही विचारच केला नव्हता.

समोर असलेले पर्याय

कमिटी पुन्हा बसली. प्रमुखांचं मत, कार्यक्रम रद्द करा, सणाच्या दिवशी कटकट नको. मला ते पटलं नाही. आधी जिवंतपणी श्रद्धांजली आणि मग तीही रद्द, म्हणजे पहिल्या चुकीवर दुसरी.

मौन सोडून फक्त सत्कार करावा, असंही निघालं. त्याला वॉरंट ऑफिसर साहेबांनीच नको म्हटलं. त्यांच्याकडे वेगवेगळ्या मंडळांच्या इतक्या शाली जमल्या आहेत की त्यांच्या बायकोने त्यांची पांघरुणं शिवून घेतली आहेत. नारळाचं काय करायचं ते केरळच्या माणसाला शिकवायला नको, एवढं मात्र ते हसत म्हणाले.

तिसरी सूचना ३० जानेवारीची. सोय म्हणून ती सगळ्यांत सरळ होती. त्या दिवशी सकाळी अकराला देशभर दोन मिनिटं स्तब्धता पाळायची असा सरकारी शिरस्ताच आहे. जिथे भोंगा असेल तिथे १०:५९ ते ११:०० वाजतो, आणि ११:०२ ते ११:०३ पुन्हा वाजून सुटका करतो. पण तो गांधीजींच्या हत्येचा दिवस, आणि ते मौन स्वातंत्र्याच्या लढ्यात प्राण दिलेल्यांसाठी. त्यात आमच्या चौघांना बसवणं म्हणजे पुन्हा श्रद्धांजलीच. शिवाय त्या वर्षी कामाचा वार होता, अकरा वाजता सोसायटीत पेन्शनर, कामवाल्या बायका आणि कुत्री एवढेच असतात.

चौथी सूचना, एखादा विजयाचा दिवस धरावा. १६ डिसेंबर नुकताच होऊन गेला होता, राहिला २६ जुलै. मीटिंगमध्ये यावर बहुमत होत आलं होतं. सुभेदारकाकांना या वेळी मुद्दाम बोलावलं होतं, ते शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “सोळा डिसेंबर एकाहत्तरवाल्यांचा. सव्वीस जुलै कारगिलवाल्यांचा, म्हणजे आमच्या हवालदारांचा. शांतिसेनेचा दिवस कोणता, सांगा बघू.”

कुणालाच सांगता आलं नाही. शांतिसेना १९८७च्या जुलैअखेर श्रीलंकेत गेली आणि मार्च १९९०मध्ये शेवटचे जवान परतले. आपले ११००हून अधिक जवान तिकडे कामी आले. परत आलेल्यांसाठी ना विजयोत्सव झाला, ना तारीख राहिली. काकांचं म्हणणं होतं की १४ जानेवारीला निदान कुठलीच लढाई चिकटलेली नाही, त्यामुळे त्यात त्यांनाही जागा आहे आणि कधी गोळीच न झाडलेल्या स्टोअरकीपरलाही.

तिथे निकाल लागला. तारीख तीच ठेवायची. मौन ठेवायचं की नाही, हे मात्र चौघांच्या घरी जाऊन विचारायचं आणि मगच ठरवायचं.

विचारायला गेलो तेव्हा

हवालदारकाकांकडे टीव्ही मोठ्या आवाजात लागला होता. बोलायला सोपं जावं म्हणून मी रिमोटकडे हात नेला. ते म्हणाले, “राहू दे.” कुठलीशी जुनी क्रिकेटची मॅच होती, आणि ते ती बघतही नव्हते. थोड्या वेळाने स्वतःहूनच सांगितलं. डाव्या कानात सतत शिट्टी वाजते, कुकरची वाफ कोंडून सुटावी तशी, बारीक, न थांबणारी. १५५ मिलिमीटरच्या तोफेशेजारी दिवसचे दिवस काढले की हे होतं. कानात कापूस कोंबायचा, तो हुकूम ऐकू यावा म्हणून काढायचा, परत कोंबायला वेळ मिळेलच असं नाही. टीव्ही चालू असला की शिट्टी दबते. रात्री उशाशी रेडिओ लावून झोपतात.

“तुम्ही सगळे गप्प झालात ना,” ते म्हणाले, “की तुम्हाला शांत वाटेल. माझ्याकडे तेव्हाच सुरू होतं.”

इतकी वर्षं त्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज येतो म्हणून वरच्या मजल्यावरून तक्रार होती. मंत्री या नात्याने मी त्यांना दोनदा चिठ्ठी दिली होती, एकदा लाल शाईत. त्या चिठ्ठ्यांचा त्यांनी त्या दिवशीही उल्लेख केला नाही.

मौनाला त्यांचा विरोध नव्हता. दोन अटी होत्या. पुढे उभं करायचं नाही, आणि हातात काहीतरी धरायला हवं. नुसते हात खाली सोडून उभं राहिलं की लक्ष सगळं कानाकडे जातं.

ताईंकडे मी आणि बायको दोघं गेलो. मी आपला कार्यक्रम कसा असेल ते सांगत बसलो. त्यांनी ऐकून घेतलं, तिळाची वडी पुढे केली आणि विचारलं, “सकाळचं ठीक आहे. संध्याकाळचं काय?” मला अर्थ लागला नाही. बायकोला लगेच लागला, ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. सोसायटीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. या बाईंना एकाही घरातून बोलावणं नसतं. सकाळी गच्चीवर नवऱ्याच्या नावाने सगळ्यांनी मान खाली घालायची आणि संध्याकाळी त्याच मजल्यावरून वाणाची ताटं तिचं दार चुकवून पुढे न्यायची. दार चुकवणं गेली कित्येक वर्षं चाललेलंच होतं. आमच्या कार्यक्रमाने मान आणि ते एकाच दिवसात आणून ठेवलं.

वॉरंट ऑफिसर साहेब काही मागत नव्हते. घड्याळ माझ्याकडे द्या, म्हणाले. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद.

सुभेदारकाकांशी बोलणं सगळ्यांत लांबलं. त्यांच्याकडे जाण्याआधी, मुळात ही दोन मिनिटं आली कुठून, ते मी वाचून काढलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, मे १९१८मध्ये, केपटाउनचे महापौर हॅरी हॅंड्स यांनी शहरात रोज दुपारी मौन सुरू केलं. त्यांचा मुलगा त्याच एप्रिलमध्ये युद्धात जखमी होऊन गेला होता. सिग्नल हिलवरून बाराची तोफ व्हायची आणि रस्ता असेल तिथे थांबायचा. आधी तीन मिनिटं करून पाहिली, लांबली, म्हणून दोन केली. युद्धविरामाच्या पहिल्या वर्षदिनी, ११ नोव्हेंबर १९१९ला सकाळी अकरा वाजता, पाचव्या जॉर्जच्या सांगण्यावरून हेच मौन ब्रिटिश साम्राज्यात पाळलं गेलं, आणि पुढे जगभर झालं. मला उपयोगी पडली ती केपटाउनमधली वाटणी: पहिलं मिनिट जिवंत परत आले त्यांच्याबद्दल आभार मानायला, दुसरं परत न आलेल्यांसाठी.

हे मी काकांना सांगितलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

“पहिलं मिनिट परत आलेल्यांचं?”

“हो.”

“मग ते घेतो आम्ही,” काका म्हणाले, “पण दुसरं माझ्या माणसांना मिळालं तरच.” आणि त्यांनी तीन नावं सांगितली. काकूंनी ती त्यापूर्वी ऐकलेली नव्हती, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्या आत गेल्या आणि अशुभाचा विषय त्यांच्याकडून पुन्हा निघाला नाही.

निर्णय आणि तयारी

वेळेवर सगळ्यांत जास्त वाद झाला. मी अकरा धरून बसलो होतो, कारण अकराला इतिहास आहे. प्रमुखांनी सरळ सांगितलं, “अगियार वाग्ये तो हवा लागे.” अकराला वारा धरतो, तेव्हा पोरं पतंग सोडणार नाहीत. दुपारी एकला शांतता असते, कारण तेव्हा गच्चीवर कुणीच नसतं. म्हणजे माणसं हवीत तर गोंगाट घ्या, शांतता हवी तर रिकामी गच्ची घ्या. तोड प्रमुखांनीच काढली, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत हुशार गोष्ट वाटते. साडेबाराला उंधियूची हाक होते. स्पीकरवाला तसाही जेवायला जायला म्हणून बंद करतो. तो बंद होण्याच्या आणि लोक जिन्याकडे वळण्याच्या मधली जागा धरायची. आवाज थांबवायला सांगायचंच नाही, तो जिथे आपणहून थांबतो तिथे उभं राहायचं.

इशाऱ्याचा प्रश्न त्याहून सोपा. कुणीतरी मोबाइलवरून लास्ट पोस्टची धून लावू म्हणालं. सुभेदारकाकांनी हात वर केला. ती धून फौजी अंत्यसंस्काराला आणि स्मारकावर वाजते, पहिल्या मिनिटात ती नको. शिट्टी पिपाण्यांत हरवली असती, थाळी त्या दिवशी पतंग कापल्यावर वाजते. शेवटी गणपतीच्या आरतीची पितळी घंटा वर नेली. सुरुवातीला एक टोल, मिनिटभराने एक, शेवटी दोन.

शाल, श्रीफळ, भाषण, फोटोची रांग, सगळं काढून टाकलं. चौघं वेगळे उभे राहणार नव्हते, जो तो आपापल्या घरच्यांबरोबर. शेजारच्या सोसायटीला प्रमुखांमार्फत चिठ्ठी दिली. ग्रुपवरचा नवा मेसेज मी सुभेदारकाकांना दाखवूनच टाकला. त्यांनी माझ्या सात ओळींच्या तीन केल्या.

तयारीत एक प्रश्न सहावीतल्या एका पोराने विचारला: “काका, पतंग वर असला तर? उतरवायचा?” उतरवायला पाच मिनिटं लागतात. कमिटीतल्या कुणाकडे उत्तर नव्हतं. हवालदारकाका म्हणाले, “वरच राहू दे. ढील देऊ नको, खेचू नको. फिरकी मी धरतो.” त्यांना हातात काय धरायचं ते सापडलं होतं.

त्या दिवशी

साडेबाराला स्पीकर थांबला. पहिला टोल पडला तेव्हा गच्चीवर शंभरेक माणसं असतील. निम्म्यांना काय करायचं ते माहीत होतं, बाकीचे त्यांच्याकडे बघून उभे राहिले. आमच्या गच्चीवरून सहा-सात पतंग वर होते. दोरे ताणलेले, पोरं मान वर करून, बोटांना गुंडाळलेल्या पट्ट्या. दूरच्या गच्च्यांवर गाणी चालूच होती, पण ती दुसऱ्या गावातली वाटावीत इतकी लांब. पहिलं मिनिट खूप लांबलं. एका आजींनी दोनदा घंटेकडे पाहिलं.

दुसरा टोल. सुभेदारकाकांनी तीन नावं उच्चारली, हळू, नुसती आडनावं, हजेरी घेतात तशी. ताईंनी एक नाव घेतलं. हवालदारकाकांनी नावं घ्यायला आधीच नकार दिला होता. त्यांनी गावं सांगितली, एक साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं, एक बुलंदशहराकडचं.

आणि मग शेजारच्या गच्चीवरून ‘काप्यो छे!’ असा हंबरडा उठला. आमचे पतंग एका जागी उभे, ढील नाही, खेच नाही, म्हणजे कापायला आयते. सहावीतल्या पोराचा गेला. मग आणखी एक गेला. तिकडे थाळ्या वाजायला लागल्या. पोरगा रडकुंडीला येऊन हवालदारकाकांकडे बघत होता, पण जागचा हलला नाही. काकांचे खांदे हलत होते. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. ते हसत होते. तुटलेला दोरा तसाच हातात धरून त्यांनी उरलेलं अर्धं मिनिट काढलं.

दोन टोल पडले. वॉरंट ऑफिसर साहेबांनी घड्याळ दाखवलं: दोन मिनिटं तीन सेकंद. तीन सेकंद जास्त झाल्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

परिणाम

जेवणं झाल्यावर हवालदारकाका मला म्हणाले की फिरकी हातात थरथरत होती तोवर कान तिकडे गेलेच नाहीत. दोरा तुटला आणि शिट्टी परत आली. म्हणजे दीड मिनिट मिळालं. त्यांच्या मते वाईट नाही. पोराला त्यांनी संध्याकाळी दहा पतंग आणून दिले. आता तो शाळेतून आला की त्यांच्याकडे असतो, टीव्हीचा आवाज दोघांना चालतो. वरच्या मजल्यावरची तक्रार थांबली आहे, की त्यांनी ती माझ्यापर्यंत आणायची थांबवली आहे, हे कळायला मार्ग नाही.

संध्याकाळचं निम्मंच साधलं. बायकोने आमच्याकडचं हळदीकुंकू ‘तिळगूळ’ म्हणून सगळ्या बायकांना सांगितलं आणि ताईंना पहिलं बोलावणं केलं. त्या आल्या, वाण घेतलं, गजरा घेतला. दोन घरच्या आजी आल्या नाहीत. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. रथसप्तमीपर्यंत आणखी तीन घरांनी त्यांना बोलावलं. बाकीच्यांनी नाही.

शेजारच्या सोसायटीला दिलेली चिठ्ठी त्यांच्या प्रमुखांच्या टेबलावरून गच्चीवर गेलीच नव्हती, असं नंतर कळलं. ज्या पोरांनी पतंग कापले त्यांना आम्ही काय करत होतो याची कल्पना नव्हती. एरवी दुपारी पतंग असे मेल्यासारखे का उभे आहेत, याचंच त्यांना नवल वाटलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

आधी विचारायचं आणि मग मंजूर करायचं, हे तर आलंच. पण विचारायचं कुणाकुणाला, हेही आम्हाला धड माहीत नव्हतं. फेब्रुवारीत आमचे दिवसपाळीचे वॉचमन माझ्याकडे एक फॉर्म घेऊन आले. कॅन्टीन कार्डाच्या कामासाठी राहत्या पत्त्यावर सोसायटीची सही-शिक्का हवा होता. फॉर्मवर हुद्दा होता: लान्स नायक, सेवा १७ वर्षं. ते आमच्या गेटवर चार वर्षं होते. मी त्यांच्या खाकी टोपीकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? “उस दिन मेरी ड्यूटी थी साहब,” ते म्हणाले. शिक्का जरा वाकडा उमटला, तो त्यांनी परत मारून घेतला.

मौन एकच मिनिट ठेवलं असतं तर पोरांचे पतंग वाचले असते, असं एक मत आहे. माझं नाही. दुसरं मिनिट नसतं तर सुभेदारकाका उभेच राहिले नसते. शेजारी चिठ्ठी प्रमुखांना न देता पोरांना द्यायला हवी होती, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे. या वर्षी ती आमच्या सहावीतल्या, म्हणजे आता सातवीतल्या पोराने नेली आणि दोन्ही गच्च्यांचा तह करून आला. बदल्यात आमच्याकडून त्यांना चिक्की जायची होती.

या वर्षी लान्स नायक साहेब साडेबाराला वर होते, हवालदारकाकांच्या शेजारी, एका फिरकीला दोघं. गेटवर मी बसलो. उंधियूची तीन पार्सलं आली, नोंदवहीत तिघांच्या सह्या घेतल्या. तिसऱ्याची घेत असताना घड्याळात बारा चौतीस झाले होते. पितळी घंटा गेटपर्यंत ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं.